न कलंडणारं भांडं

पंचाहत्तर लिटरच्या टोपात चाळीस लिटर पाणी उकळतंय आणि त्यात पंधरा किलो माल शिजतोय. आता तो निथळायचा आहे. टोपाचं वजन धरून साठ किलोच्या घरातला हा ऐवज शेगडीवरून उतरवायला दोन धडधाकट माणसं लागतात. कलंडवताना त्यातल्या एकाची पकड सुटली, तर उकळतं पाणी थेट पायांवर. मोठ्या भांड्यांच्या दुकानात अशा टोपासोबत भोकांची एक टोपली दाखवतात, ती याच क्षणासाठी. टोपाच्या आत सैलसर बसणारी, वर कडी असलेली. अन्न टोपलीत, टोपली पाण्यात. शिजलं की टोपली वर. टोप जागचा हलत नाही.

वस्तू इतकी साधी आहे की तिला इतिहास असेल असं वाटत नाही. पण तिच्या मागावर निघालं की वाट गरम पाण्याच्या कुंडांपाशी जाते, इंग्रज युद्धनौकांच्या स्वयंपाकघरात जाते, क्रिमियन युद्धातल्या एका इस्पितळात आणि लुइझियानातल्या भातखाचरांतही जाते. प्रत्येक मुक्कामावर एकच प्रश्न भेटतो: अन्न काढून घेतल्यावर मागे राहिलेल्या पाण्याचं काय करायचं? फेकायचं, प्यायचं, की त्यातच पुढची खेप शिजवायची? टोपली कशी असावी हे त्या त्या ठिकाणी या उत्तरानं ठरवलं. आज ती विकत घेतानाही तेच ठरवतं.

वाकवण्याची रीत

मराठी घरात निथळणं म्हणजे भांडं वाकवणं. कोकणात तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून भात वेळतात. टोपावर झाकण दाबून धरायचं, फडक्यानं काठ पकडायचे आणि पेज दुसऱ्या भांड्यात उतरवायची. ती पेज मीठ घालून पितात. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजली की ती चाळणीत ओततात आणि खाली जमलेला कट जपून ठेवतात, कारण होळीच्या दुपारची कटाची आमटी त्याच्यावरच उभी असते. धुतलेले तांदूळ निथळायला रोवळी असायची, बुरुडांनी बांबूच्या बारीक काड्यांची विणलेली. या सगळ्यांत निथळणारी वस्तू भांड्याबाहेर थांबते आणि पाणी तिच्याकडे येतं. पाणी मोलाचं आहे, भांडं दोन हातांत मावणारं आहे आणि जेवणारी माणसं आठ-दहा आहेत. एवढ्या संसारात टोपली भांड्यात शिरायचं काही कारण नव्हतं.

माणसं पाचशे झाली की गणित बदलतं. बिर्याणीचा तांदूळ खळखळत्या, मिठाच्या पाण्यात थोडा कच्चा असतानाच काढावा लागतो. डेग कलंडवण्यात चार मिनिटं गेली तर त्या चार मिनिटांत तांदूळ पुढे शिजून मऊ होतो. म्हणून आचारी डेगेला हात लावत नाहीत. लांब दांड्याचा मोठा झारा पाण्यात घालतात आणि तांदूळ उपसून थेट मटणाच्या थरावर पसरतात. हैदराबादी पद्धतीत पहिला झारा जास्त कच्च्या तांदळाचा आणि शेवटचा जास्त शिजलेल्याचा. खालच्या थराला वाफ जास्त मिळते, वरच्याला कमी, त्यामुळे हिशेब बरोबर जुळतो. झाऱ्यानं उपसायला वेळ लागतो आणि तो वेळ इथं कामी येतो. जिथं सगळा माल एकाच क्षणी बाहेर यायला हवा, तिथं मात्र झारा अपुरा पडतो.

भांड्याआधीची टोपली

कलंडवता न येणारं सर्वांत जुनं भांडं माणसानं बनवलेलं नाही. हिमाचल प्रदेशात पार्वती नदीच्या खोऱ्यातल्या मणिकरणला झऱ्याचं पाणी इतकं तापलेलं असतं की त्यात अन्न शिजतं. तिथल्या गुरुद्वाराच्या लंगरसाठी तांदूळ-डाळीची भांडी कुंडात ठेवतात आणि यात्रेकरू मूठभर तांदूळ किंवा हरभरे कापडी पुरचुंडीत बांधून दोरीनं पाण्यात सोडतात. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआजवळ व्हाकारेवारेवा गावात माओरी कुटुंबं उकळत्या कुंडांत पिढ्यान्‌पिढ्या अन्न शिजवत आली आहेत. मक्याची कणसं आणि भाज्या पिशवीत किंवा विणलेल्या टोपलीत भरायच्या, पाण्यात सोडायच्या आणि ठरल्या वेळी ओढून घ्यायच्या. कुंड ओतता येत नाही, पाणी अखंड वाहतं राहतं, आणि आपलं अन्न शेजाऱ्याच्या अन्नात मिसळू द्यायचं नसतं. पुढे कारखान्यात बनलेल्या टोपलीची तिन्ही कामं इथं आधीच दिसतात: उचलणं, वेगळं ठेवणं आणि वेळेवर बाहेर काढणं.

कॅलिफोर्नियात तर टोपलीच भांडं होती. पोमो, मिवोक, योकुट्स अशा जमातींच्या बायका इतक्या घट्ट टोपल्या विणत की त्यांत पाणी टिकायचं. आगीत तापवलेले दगड त्या पाण्यात सोडायचे, टोपली जळू नये म्हणून ढवळत राहायचं, निवलेले दगड काढून नवे टाकायचे. ओकच्या फळांच्या पिठाची खीर अशी शिजायची. वीण सैल केली तर चाळणी, घट्ट केली तर हंडी.

वेत, बांबू आणि गवत मातीत कुजून जातं, त्यामुळे या घराण्याचा जुना पुरावा भाजलेल्या मातीतच सापडतो. हडप्पा, मोहेंजोदडो, लोथल अशा सिंधू संस्कृतीच्या ठिकाणी अंगभर भोकं पाडलेले उभे, नळकांड्यासारखे रांजण मिळाले आहेत. ते कशासाठी होते यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आत फडकं लावून काही गाळत असावेत हा त्यांतला एक तर्क. पोलंडच्या कुयाविया भागातल्या सात हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या भोकांच्या खापरांबाबत मात्र निकाल लागला. ही चीज गाळायची भांडी असावीत असं पीटर बोगुकी हे पुरातत्त्वज्ञ १९८०च्या दशकापासून म्हणत होते. २०१२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत त्या खापरांत मुरलेली दुधाची चरबी सापडली. दही आणि पाणी वेगळं करायला माणूस तेव्हाच शिकला होता. भोकांचं भांडं उकळत्या भांड्यावर ठेवायची कल्पना मात्र चीनमध्ये रुजली.

चीनच्या हेमुदू इथल्या नवाश्मयुगीन वस्तीत तळाला भोकं असलेली मातीची भांडी मिळाली आहेत. खाली पाण्याचं भांडं, वर हे, आणि मधून वाफ. शांग राजवटीत हीच जोडी काशात ओतली गेली. आन्यांग इथं १९७६ साली उघडलेल्या फू हाओ राणीच्या थडग्यात, म्हणजे साधारण ३,२०० वर्षांपूर्वीच्या, एक लांबट चौथरा मिळाला. त्यावर तीन तोंडं आणि तिन्ही तोंडांवर भोकांच्या तळाची तीन वेगवेगळी भांडी. खाली पाणी एकच, विस्तव एकच, आणि वर तीन पदार्थ एकमेकांत न मिसळता शिजणार. आपलं मोदकपात्र वाफेच्या याच जातकुळीतलं. पण मोदकपात्रातली चाळणी पाण्यावर थांबते. आपल्याला जिचा माग काढायचा आहे ती पाण्यात बुडते.

शेवयांचं पाणी

सहाव्या शतकात जिआ सिशिए या चिनी अधिकाऱ्यानं शेती आणि घरकामावर ‘चीमिन याओशू’ नावाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात कणकेचे बारीक तुकडे करून, वाफवून, वाळवून ठेवायची एक कृती आहे. लागतील तेव्हा ते उकळत्या पाण्यात टाकायचे, विणलेल्या झाऱ्यानं निथळून काढायचे आणि वर वेगळा शिजवलेला मांसाचा रस्सा घालायचा. आजची रामेनची वाटी याहून फार वेगळी नाही. यात पाणी आणि रस्सा वेगळे आहेत, आणि सगळी मेख तिथंच आहे. रस्सा पिण्यासाठी, पाणी फक्त शिजवण्यासाठी. जे पाणी प्यायचं नाही ते प्रत्येक वाटीमागे फेकायचीही गरज नाही. चूल पेटती ठेवायची, पाणी उकळतं ठेवायचं आणि गिऱ्हाईक येईल तसं त्यात बुडवून काढायचं.

जपानमधल्या रामेनच्या दुकानांनी या रीतीला यंत्राचं रूप दिलं. चौकोनी पात्रात पाणी सतत उकळतं. वरच्या पट्टीत गोल खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक उभट, खोल, दांडीवाली जाळी अडकवलेली. तिला ‘तेबो’ म्हणतात. एका जाळीत एका माणसाच्या शेवया. वेळ झाली की जाळी उचलायची, झटका देऊन पाणी झाडायचं आणि वाटीत उलटी करायची. जुने कारागीर मात्र आजही मोठ्या कढईत शेवया मोकळ्या सोडतात आणि पसरट जाळीनं त्या गोळा करून, अंदाजानं वाटे पाडून उचलतात. मोकळ्या पाण्यात शेवया चहूबाजूंनी हलतात, चिकटत नाहीत, सारख्या शिजतात. अरुंद जाळीत दाटीवाटीनं शिजलेल्या शेवयांना ती चव येत नाही असं त्यांचं म्हणणं असतं, आणि ते खोटं नाही. पण पसरट जाळी हातात बसायला काही वर्षं जातात. उभी जाळी नवखा पोरगाही वापरू शकतो, आणि गर्दीच्या वेळी सहा गिऱ्हाइकांच्या सहा वेगवेगळ्या वेळा तिच्यामुळे सांभाळता येतात.

नेपल्सची गोष्ट याला समांतर. एकोणिसाव्या शतकात तिथल्या रस्त्यांवर मोठ्या हंड्यांत मॅकरोनी शिजायची, विक्रेता काठीनं ती उचलून वाढायचा आणि गिऱ्हाईक हातानंच खायचं. आजच्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये त्या हंड्याच्या जागी आत जाळ्या लटकवलेलं पास्ता कुकर असतं. त्याच पाण्यात दिवसभर पास्ता शिजला की पाणी पिठूळ होतं. फेस वर येतो, चिकटपणा वाढतो. म्हणून पाण्याच्या पात्राला वरच्या बाजूला एक निचरा ठेवलेला असतो. खालून थोडं थोडं नवं पाणी येतं, वरचा फेस वाहून जातो. त्या पिठूळ पाण्याची एखादी पळी सॉसमध्ये घालायची रीत इटालियन स्वयंपाकात आहेच. त्यानं सॉस पास्त्याला धरून राहतो. आपल्या कटाच्या आमटीमागे हाच विचार आहे: डाळीतून पाण्यात उतरलेलं फुकट का घालवा?

कोणाचा तुकडा कोणता?

युरोपात उकळण्याची मोठी भांडी राजवाड्यांत आणि मठांत होतीच; पण तिथं टोपलीचं काम बराच काळ कापडानं केलं. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये पुडिंग कापडात बांधून उकळायची चाल पसरली. कापड हा टोपलीचा स्वस्तातला अवतार. त्याचा सर्वांत मोठा वापर समुद्रावर झाला. १८०५ साली ट्राफल्गारच्या लढाईत ‘व्हिक्टरी’ या नौकेवर आठशेहून अधिक माणसं होती आणि त्यांचं जेवण एका लोखंडी चुलीवरच्या तांब्याच्या मोठ्या बॉयलरांत शिजायचं. खलाशी सहा-आठ जणांच्या गटांत जेवायचे. अशा गटाला ‘मेस’ म्हणत. मेसवाल्यांनी आपल्या शिध्यातून पुडिंग कालवायचं, पिशवीत बांधायचं, पिशवीला आपल्या मेसची खूण अडकवायची आणि आचाऱ्याच्या स्वाधीन करायची. बॉयलर सगळ्या जहाजाचा, पिशवी आपापली. डुलत्या जहाजावर उकळत्या पाण्याचा बॉयलर कलंडवण्याचा विचारही कोणी केला नसता.

ही पद्धत जमिनीवर किती वाईट होऊ शकते हे १८५५ साली अलेक्सी सोयर यानं पाहिलं. सोयर फ्रेंच, पण नाव कमावलं लंडनमध्ये. ‘रिफॉर्म क्लब’च्या स्वयंपाकघराचा तो प्रमुख होता. १८४७ साली आयर्लंडमधल्या दुष्काळात डब्लिनला त्यानं प्रचंड बॉयलरचं सार्वजनिक सूपकेंद्र उभारलं होतं. क्रिमियन युद्धातल्या इंग्रज सैनिकांच्या जेवणाचे हाल वर्तमानपत्रांत वाचून तो स्वतः निघाला आणि इस्तंबूलसमोरच्या स्कुटारीच्या इस्पितळात पोचला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिथं आधीपासून काम करत होती. सोयरला स्वयंपाकघरात दिसलं ते असं: प्रत्येक गटाच्या वाट्याचं मांस दोरीनं लाकडाला करकचून आवळलेलं, आणि आपला तुकडा ओळखू यावा म्हणून त्याला काहीतरी अडकवलेलं, कुठं बटणं, कुठं कापडाची चिंधी, कुठं आणखी काही. मग सगळं एका तांब्याच्या हंड्यात. आवळल्यामुळे मांस आतून कच्चं राहत होतं. आणि ते शिजवलेलं पाणी, जे खरं तर चांगलं सूप होतं, ते ओतून टाकत होते. आजारी सैनिकांना सूपाचीच तर गरज होती.

सोयरनं दोऱ्या सैल करायला लावल्या आणि पाणी वाचवलं. १८५७ साली त्यानं या मोहिमेवर पुस्तक लिहिलं, त्यात ही हकिगत आहे. वस्तूंच्या इतिहासात हा प्रसंग लहान वाटेल, पण टोपलीबद्दल यापेक्षा नेमका धडा दुसरा नाही. वाटे वेगळे ठेवण्याच्या नादात पाणी अन्नापर्यंत पोचलं नाही, तर टोपली असून नसल्यासारखी. ज्या पाण्यात अन्नाचं सत्त्व उतरतं, ते फेकायची सोय करून देणारी टोपली तर चुकीच्या कामाला लावलेली.

श्रीमंत घरांत तोवर टोपलीचं नाजूक भावंड आलं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी आणि फ्रेंच स्वयंपाकघरांत मासे उकडण्यासाठी लांबट भांडं असायचं आणि आत तळाला भोकांची पाटी, दोन्ही टोकांना कड्या. अख्खा सामन मासा शिजला की पाटीसकट वर यायचा, मोडायचा नाही. टर्बट नावाच्या पसरट माशासाठी शंकरपाळ्याच्या आकाराचं वेगळं भांडं मिळायचं. मासा इतका हळवा की त्याला झाऱ्यानं उचलता येत नाही. खालून आधार लागतो. टोपलीचा तळ सपाट आणि ताठ का असावा, याचं उत्तर इथलं.

हलका धातू

तारेच्या जाळ्या पूर्वी लोखंडाच्या असायच्या, वर कथलाचा मुलामा. मुलामा झिजला की गंज. तांबं टिकायचं, पण जड आणि महाग. त्यालाही कल्हई लागायची. टोप जड असला तर बिघडत नाही, तो जागेवर बसलेला असतो. टोपली मात्र प्रत्येक खेपेला माणसाच्या हातानं वर यायची असते. म्हणून धातू हलका झाल्याचा सर्वांत मोठा फायदा टोपलीला झाला.

१८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी, एकमेकांना न कळत, विजेच्या साहाय्यानं ॲल्युमिनियम वेगळं करायची पद्धत शोधली आणि काही वर्षांत हा धातू स्वस्त झाला. तांब्याच्या जेमतेम एकतृतीयांश घनता, पत्रा सहज दाबता येणारा, भोकं पाडायला सोपा. भारतात ॲल्युमिनियमची भांडी आणण्याचं श्रेय मद्रासच्या आल्फ्रेड चॅटर्टन यांच्याकडे जातं. तिथल्या कलाशाळेत त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ही भांडी घडवायला सुरुवात केली आणि १९०० साली इंडियन ॲल्युमिनियम कंपनी निघाली. पुढे हा टोप भारतभर पंगतीत, खाणावळीत आणि चहाच्या गाड्यावर पोचला. स्टेनलेस स्टील त्यानंतरचं. १९१२-१३च्या सुमारास जर्मनीत आणि शेफील्डला त्याची घडण झाली, आणि आपल्या स्वयंपाकघरात ते खऱ्या अर्थानं स्वातंत्र्यानंतर रुळलं.

सामुदायिक उकड

टोपली आज जशी दिसते तशी ती अमेरिकेतल्या दोन गावजेवणांनी घडवली. पहिलं विस्कॉन्सिनमधल्या डोर काउंटीचं. मिशिगन सरोवरात घुसलेल्या या भूशिरावर स्कँडिनेव्हियाहून आलेली कुटुंबं वसली. उघड्यावर लाकडाचा जाळ, त्यावर मोठं पातेलं, भरपूर मीठ, जाळीत बटाटे आणि कांदे, मग व्हाइटफिश नावाच्या माशाचे तुकडे. शेवटी जाळावर रॉकेल फेकतात. भडका उडतो, पाणी उतू जातं आणि वर तरंगणारं माशाचं तेल व फेस त्याबरोबर बाहेर वाहून जातो. मग कडीतून दांडा घालून दोन माणसं जाळी उचलतात. हे पाणी फेकायचंच. तेल असं वाहून गेलं नसतं तर मासा त्याच तेलातून वर काढावा लागला असता.

दुसरं लुइझियानाचं. तिथल्या दलदलीतल्या आणि भातखाचरांतल्या गोड्या पाण्यातले छोटे शेवंडासारखे ‘क्रॉफिश’ वसंतात पोत्यांनी विकले जातात. एक पोतं साधारण १४ ते १८ किलोचं. ब्रो ब्रिज या गावाला राज्याच्या विधिमंडळानं १९५९ साली जगाची क्रॉफिश राजधानी ठरवलं आणि पुढच्याच वर्षी तिथं उत्सव सुरू झाला. भात कापल्यावर त्याच खाचरात पाणी भरून क्रॉफिश वाढवायची शेतीही तिथं पसरली. अंगणात प्रोपेन गॅसची जोरदार शेगडी, त्यावर ६० ते १०० क्वार्टचा म्हणजे साधारण ५७ ते ९५ लिटरचा ॲल्युमिनियमचा टोप, आत भोकांची टोपली. पाण्यात मिरची, मीठ, लिंबू, लसूण. मका आणि बटाटे. क्रॉफिश काही मिनिटंच उकळतात, मग गॅस बंद करून ते त्याच तिखट पाण्यात मुरत ठेवतात. चव शिजताना कमी आणि मुरताना जास्त शिरते. चव पुरेशी चढली की सगळी टोपली एका झटक्यात वर येते आणि वर्तमानपत्र अंथरलेल्या टेबलावर उलटी होते. पाणी जागेवर राहतं, दुसऱ्या पोत्यासाठी त्यात थोडा मसाला वाढवला की झालं. १९७५नंतर आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांच्या वस्तीतून ह्यूस्टनमध्ये याच क्रॉफिशवर लोणी-लसणाचा नवा प्रकार निघाला. टोप आणि टोपली तीच राहिली.

भांडं पुन्हा वाकलं

मोठ्या सार्वजनिक स्वयंपाकघरांनी मात्र मधल्या काळात टोपलीला सुट्टी दिली. शिर्डीच्या साई प्रसादालयात २००९पासून सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करून स्वयंपाक होतो. शाळकरी मुलांना दुपारचं जेवण पुरवणाऱ्या ‘अक्षय पात्र’च्या स्वयंपाकघरांत शेकडो लिटरच्या स्टीलच्या कढया आहेत. अशा ठिकाणी भांडी दोन बाजूंच्या खुंट्यांवर टांगलेली असतात. बाजूचं चाक फिरवलं की शेकडो किलोंचं भांडं सावकाश कलंडतं. घरातली वेळण्याची रीतच गिअर लावून परत आली. पाणी वाकवता येतं, वाचवता येतं, गाडीवरच्या डब्यात ओतता येतं. अशा भांड्यासाठी टोपली घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं आणि भांड्यातली जागाही.

म्हणून टोपली निवडताना पहिला प्रश्न पाण्याचा. पाणी प्यायचं असेल, पेज, कट किंवा रस्सा म्हणून वापरायचं असेल, तर टोपली बारीक जाळीची हवी, म्हणजे डाळ-तांदळाचे कण पाण्यात उतरून ते गढूळ होणार नाही. पाणी फेकायचं असेल तर भोकं मोठी हवीत. शंख-शिंपल्यांची वाळू आणि फेस खाली पडून जायला हवा. पाणी दिवसभर वापरायचं असेल तर एकाऐवजी छोट्या छोट्या अनेक जाळ्या घ्याव्यात आणि टोपाला वरच्या काठाशी निचरा असावा.

मग आकार. टोपलीचा तळ टोपाच्या तळापासून बोटभर-दोन बोटं उंच राहिला पाहिजे, नाहीतर अन्न तळाला लागतं. पण चोहोबाजूंची फट अरुंद असावी. फट रुंद असेल तर मका, बटाटे टोपलीबाहेर निसटतात. आत पंधरा किलो माल पडला की पाण्याची पातळी साधारण तितक्याच लिटरनं चढते, म्हणून पाणी भरताना टोप अर्ध्याच्या फार वर नेऊ नये. थंड माल एकदम घातला की उकळी थांबते. टोप मोठा आणि शेगडी जोरदार असली तरच ती लवकर परत येते.

तिसरं, कडी. पूर्ण भरलेली टोपली पाण्यातून बाहेर येताच जड होते, कारण पाण्याचा आधार सुटतो. कडी रुंद, रिव्हेट घट्ट, आणि दांडा सरकवता येईल इतकी जागा हवी. टोपाच्या काठावर टोपली अडकवून ठेवायची खाच किंवा आकडा असेल तर निथळेपर्यंत ती कोणी धरून उभं राहायची गरज नाही. भोकांच्या कडा बोट फिरवून पाहाव्यात; धारदार कडांवर शेवया तुटतात आणि टोपली धुताना हातही कापतो.

शेवटी धातू. आंबट आणि खारट पाण्यात ॲल्युमिनियम काळवंडतं, खड्डे पडतात. चिंच, कोकम, लिंबू नेहमी वापरात असतील तर स्टील घ्यावं. स्टीलमध्येही ३०४ आणि स्वस्तातलं २०२ असा फरक आहे, आणि मिठाच्या पाण्यात २०२ लवकर गंजतं. चुंबक लावून हा फरक कळत नाही. दोन्हींना चुंबक चिकटत नाही. त्यामुळे वस्तूवर आकडा छापलेला आहे का ते पाहायचं आणि दुकानदाराकडून तो बिलावर लिहून घ्यायचा. दुकानदार आधी विचारेल किती लिटरचा टोप हवा. त्याला आधी सांगावं, उकळून झाल्यावर पाण्याचं काय होणार आहे. लिटर त्यावरून ठरतात.